संगणक उघडेपर्यंत

अमरावतीतल्या एका खासगी हॉस्पिटलच्या तळमजल्यावर आमची छोटीशी रक्तपेढी होती. तिथे मी तंत्रज्ञ म्हणून बरीच वर्षं काढली. पेशंटचा रक्तगट पाहायचा, त्याचं रक्त आणि पिशवीतलं रक्त एकमेकांशी जुळतं का ते तपासायचं, जुळलं की सही करून पिशवी वर वॉर्डात पाठवायची, हे माझं काम. त्यातल्या एका दिवसाबद्दल मी घरीसुद्धा कधी धड बोलले नाही.

आदल्या संध्याकाळी मला वलगावला माहेरी जायचं होतं. चुलत बहिणीचा साखरपुडा होता आणि 'निघाली का?' म्हणून तीनदा फोन येऊन गेला होता. काउंटरवरचा संगणक आठवडाभर अपडेट मागत होता आणि मी रोज 'नंतर' दाबत होते. त्या दिवशी घाईत 'अपडेट करून बंद करा' दाबलं आणि पर्स उचलून निघाले. दारातून वळून पाहिलं तेव्हा पडद्यावर टक्के मोजणं सुरू झालं होतं.

सकाळी साडेआठला येऊन संगणक लावला. पासवर्ड मागणारा पडदा नेहमीसारखाच आला. पासवर्ड टाकला. 'स्वागत आहे' असं आलं, खाली ठिपक्यांचं वर्तुळ फिरायला लागलं. मी फ्रिजचं तापमान लिहून परत आले तर वर्तुळ थांबलेलं. माउस हलवला, बाण जागचा हलला नाही. बटण दाबून धरलं, संगणक बंद केला, पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा वर्तुळ थोडं जास्त वेळ फिरलं आणि मला उगाच आशा वाटली.

त्या संगणकात आमचं सगळं होतं. कागदी रजिस्टरं बंद करून अडीच वर्षं झाली होती, आणि ती बंद व्हावीत म्हणून सगळ्यांत जास्त भांडलेली मीच.

सॉफ्टवेअर बसवून देणारे गृहस्थ अकोल्याचे. आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. त्यांना फोन लावला.

"भाऊ, पासवर्ड टाकला का गोल फिरते अन् मंग माउसबी हलत नाही."

"काल अपडेट झालं काय?"

"झालं."

"कोनं केलं?"

"मीनंच."

ते म्हणाले, "बरं. इंटरनेटची वायर काढा अन् पुन्हा लावून पाहा."

वायर काढली. फरक पडला नाही.

"आता पासवर्ड टाकूच नका. खाली कोपऱ्यात बंद करायचं चिन्ह हाये ना? शिफ्ट दाबून ठेवा अन् रीस्टार्ट करा. निळा पडदा येईन. तिथून सेफ मोड."

मी त्यांच्या सांगण्याप्रमाणे एकेक दाबत गेले. काळा पडदा आला, चारी कोपऱ्यांत 'सेफ मोड' लिहिलेलं. पासवर्ड टाकला आणि आत गेले! मी जवळजवळ ओरडलेच. घाईघाईने आमचं सॉफ्टवेअर उघडलं. ते म्हणालं, माहितीशी संपर्क होत नाही.

"या मोडमधी ते चालत नाही ताई," भाऊ म्हणाले. "मशीन जित्तं हाये, एवढंच समजलं आपल्याले."

"माहिती तर आहे ना आत?"

"हाये. कुठं जात नाही ते."

"अन् बॅकअप?"

"बॅकअप त्याच मशीनमधी जाऊन राहिलं होतं. दुसरी डिस्क लावा म्हनून मी तुमच्या सायबाले दोनदा सांगतलं."

मग त्यांनी अपडेट परत काढायला लावलं. 'बदल मागे घेत आहोत. संगणक बंद करू नका,' असं आलं आणि पडदा तिथेच थबकला. "किती वेळ लागन?" मी विचारलं. "सांगता येत नाही," ते म्हणाले. "हात लावू नका फक्त."

साडेनऊच्या सुमारास वॉर्डातून एक नमुना आणि फॉर्म आला. बाई, वय तीस, तिवशाकडची. सिकलसेलचा, वरचेवर रक्त चढवावं लागणारा आजार. बी पॉझिटिव्ह रक्ताच्या दोन पिशव्या, तातडीने. फॉर्मवरचं नाव वाचलं आणि मला काहीतरी खटकलं. चेहरा आठवला नाही, काही प्रसंग आठवला नाही. नुसतंच वाटलं, हे नाव आपण कधीतरी सावकाश वाचलं आहे.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ज्यांना वरचेवर परक्याचं रक्त चढवावं लागतं, त्यांच्यातल्या काहींच्या अंगात त्या रक्ताविरुद्ध एक प्रतिकार तयार होतो. त्याला अँटीबॉडी म्हणतात. वर्ष-दोन वर्षांत तो इतका मंदावतो, की आमच्या साध्या तपासणीत दिसतच नाही. दोन्ही रक्तं गुण्यागोविंदाने जुळतात. पण शरीर विसरलेलं नसतं. तेच रक्त पुन्हा आत गेलं, की पाच-सात दिवसांनी तो प्रतिकार जागा होतो आणि चढवलेलं रक्त फोडायला लागतो. म्हणून अशा पेशंटचा जुना रेकॉर्ड पाहिल्याशिवाय पिशवी द्यायची नाही. हे मला पाठ होतं.

मी मागच्या कपाटातून जुनी रजिस्टरं काढली. बोट फिरवत शेवटच्या पानापर्यंत गेले. तिचं नाव नव्हतं. म्हणजे ती पहिल्यांदाच आली असेल, किंवा रजिस्टरं बंद झाल्यावर येऊन गेली असेल.

वरून डॉक्टरांचा फोन आला. "हिमोग्लोबिन चारवर आलंय. पिशवी कधी देताय?"

"सर, जुना रेकॉर्ड बघायचा होता. संगणक अडकलाय."

"किती वेळ?"

मी पडद्याकडे पाहिलं. 'संगणक बंद करू नका.'

"सांगता येत नाही सर."

"मग क्रॉसमॅच करा. जुळलं तर पाठवा. तिला धाप लागलीय, मी संगणकासाठी थांबू शकत नाही."

त्यांचं चुकत नव्हतं. त्या घडीला माझंही चुकत नव्हतं, असं नंतर चौकशीत लिहिलं गेलं. मी तिच्या रक्तातला पाण्यासारखा भाग आणि पिशवीतल्या पेशी एकत्र केल्या, गरम ठेवल्या, यंत्रात फिरवल्या. नळी दिव्यासमोर धरून हळूच हलवली. गुठळी असली की पेशी चिकटून राहतात. त्या नळीत पेशी धुरासारख्या अलगद वर आल्या. स्वच्छ. मी सगळं पुन्हा एकदा केलं. पुन्हा स्वच्छ. तेव्हा तरी बरं वाटायला हवं होतं. सही केली. पावणेअकराला पिशवी वर गेली.

ती गेली आणि पाचेक मिनिटांत पडदा बदलला. बदल मागे घेता आले नाहीत, असं सांगून संगणक आपणहून पुन्हा सुरू झाला. परत तेच 'स्वागत आहे', तेच वर्तुळ, परत थांबलेलं.

"भाऊ, काहीच नाही झालं."

"थांबा जरासक. मशीनच्या मागं काय काय लावून हाये?"

मी वाकून पाहिलं. धूळ आणि वायरींचा गुंता. "नेट, प्रिंटर, पिशवीवर चिकटवायचं लेबल छापायचं ते मशीन, स्कॅनर."

"सारं काढा. फक्त कीबोर्ड अन् माउस ठेवा. मंग एकेक लावू."

मी गुडघ्यांवर बसून सगळ्या वायरी उपटल्या. पासवर्ड टाकला. वर्तुळ फिरलं, फिरलं, आणि समोर आमचा नेहमीचा पडदा उभा राहिला. हिरवं शेत आणि त्यावर ओळीने मांडलेली चिन्हं. नंतर कळलं, लेबल छापणारं ते जुनं यंत्र नव्या अपडेटला ओळखू येत नव्हतं, आणि त्याच्याशी बोलायच्या नादात सगळा संगणक अडकून बसत होता. एक वायर. सकाळी साडेआठलाच ती काढता आली असती.

"उघडलं काय?" भाऊ विचारत होते. मी तिचं नाव टाकत होते.

ती दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे येऊन गेली होती. तेव्हा रक्त जुळत नव्हतं म्हणून नमुना नागपूरला पाठवला होता. खाली लाल अक्षरांत अहवाल होता. किड गटाची अँटीबॉडी आढळली. यापुढे फक्त किड-निगेटिव्ह रक्त द्यावे. किड हा ए, बी, ओ यांच्याहून वेगळा रक्तगट; तो नसलेलंच रक्त तिला चालणार होतं. नोंद करणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव होतं.

मी फोन टेबलावर तसाच टाकला आणि जिना चढायला लागले. लिफ्टची वाट पाहण्याइतका धीर नव्हता.

पलंगावर एक किरकोळ अंगाची बाई पडलेली होती. उशाशी स्टुलावर तिची सासू. पिशवी एक तृतीयांश रिकामी झाली होती. थेंब शांतपणे, एका लयीत पडत होते. मी नळीवरचं चाक फिरवून थेंब बंद केले.

"काहून बंद केलं ताई?" तिने विचारलं.

"दुसरी पिशवी लावायची आहे," मी म्हणाले. खोटं बोलले. तिने मान हलवली. सासू मात्र माझ्याकडे बघत राहिली.

डॉक्टरांना बाहेर बोलावून सांगितलं.

"चढलं तेवढं काढता तर येत नाही," ते म्हणाले.

"नाही."

"मग आता?"

"वाट पाहायची सर. पाच दिवस, सात, कदाचित दहा. काही होणारही नाही कदाचित."

तोवर तिला प्राणवायू लावून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नागपूरहून तिच्या अंगाला चालणारी पिशवी आली. ती चढवल्यावर तिची धाप कमी झाली, चेहऱ्यावर तरतरी आली. सासूबाई डबा उघडून तिला भाकर चारताना दिसल्या. वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, "आता तर एकदम मस्त झाली."

रोज सकाळी नमुना घेण्याच्या निमित्ताने मी वर जायचे. नमुना काय, सिस्टरनेही घेतला असता. मी तिचे डोळे पाहायला जात होते; रक्त फुटायला लागलं की आधी ते पिवळे होतात. बोलता बोलता ती सांगायची, घरची झेंडू अन् शेवंतीची वाडी आहे, दसऱ्याचं तोडायला आलं आहे, नवरा एकटाच लागला आहे. मी 'हो, हो' म्हणत तिच्या डोळ्यांतल्या पांढऱ्या भागावर नजर ठेवायचे. तिसरा दिवस. चौथा. पाचव्या दिवशी तिला घरी सोडायचं बोलणं सुरू झालं. मी डॉक्टरांना म्हटलं, अजून दोन दिवस ठेवा.

सहाव्या सकाळी मी पडदा सारला आणि ती वळली. डोळे पिवळे झाले होते. कंबर दुखते म्हणाली. "अन् लघवी कशी कोऱ्या चहासारखी होऊन राहिली ताई."

पुढचे तीन दिवस मला सलग आठवत नाहीत. हिमोग्लोबिन खाली येत होतं, किडनीचे आकडे वर सरकत होते. दर सहा तासांनी रिपोर्ट येई. अकोल्याहून भाऊ येऊन गेले, वेगळी डिस्क लावली, लेबलचं यंत्र बदललं. जाताना दारात थांबून विचारलं, "ते बाई कशी हाये?" मी म्हटलं, "माहीत नाही."

सातव्या दिवशी दुपारी मी तिच्याजवळ बसले आणि सांगून टाकलं. दुसरी पिशवी लावायची होती हे खोटं होतं. संगणक अडकला होता. तुझ्या रक्तात जे वेगळं आहे त्याची नोंद मीच केली होती आणि मलाच आठवली नाही.

ती सासूला म्हणाली, "माही पर्स दे व मामी."

पर्सच्या आतल्या कप्प्यातून तिने एक पिवळं कार्ड काढून माझ्या हातात ठेवलं. कडा मऊ पडलेल्या. रक्त देण्याआधी हे कार्ड दाखवावे. खाली आमच्याच रक्तपेढीचा शिक्का.

"दोन सालापासून इथंच हाये," ती म्हणाली. "भरती करतानी आधार कार्ड मांगतलं, ते देल्लं. हे कोनं मांगतलंच नाही. मले वाटलं, तुमाले माईत असन."

"तुले इचारलं असतं तर..." मी म्हटलं.

"तं सांगतलं असतं ना. मी काय बेसुद होती?"

सासूबाई उठून खिडकीशी गेल्या. "पोरीले काही झालं असतं तं?" त्या बाहेर बघतच म्हणाल्या.

नवव्या दिवशी लघवीचा रंग फिकट झाला. किडनीचे आकडे थांबले, मग हळूहळू उतरले. बाराव्या दिवशी तिला घरी सोडलं. दसरा होऊन गेला होता. फुलांचं काय झालं ते मी विचारलं नाही. सासूबाई माझ्याशी न बोलता पिशव्या घेऊन पुढे निघाल्या. ती दोन पावलं मागे राहिली. "नोकरीवर काही आलं काय तुमच्या?" तिने विचारलं. मी नाही म्हटलं. "बरं झालं," ती म्हणाली, आणि सासूच्या मागे ऑटोकडे गेली.

मी रक्तपेढीत परतले. काउंटरवर दोन नवे नमुने येऊन पडले होते. संगणक सुरू होता, सगळं नीट चालत होतं. पहिला फॉर्म उचलला, त्यावरचा पलंगाचा नंबर पाहिला आणि पेशंटला विचारायला पुन्हा जिना चढायला लागले.