पास

आज गच्चीवरची बरणी उघडली आणि उन्हात घट्ट झालेल्या जवसाच्या तेलाचा वास आला. त्या वासासरशी आमलीतलं आमचं जुनं घर आठवलं, आणि माझे वडील, अप्पा.

अप्पा धुळ्याहून येऊन राखोलीच्या एका सुताच्या कंपनीत चेकर झाले होते. धागा चिमटीत धरून अंगठ्याने घासायचा आणि ठीक वाटला की "पास" म्हणायचं, हे त्यांचं काम. घरी ज्वारीचं पीठही ते तसंच बघायचे.

मी तेव्हा त्यांचं चित्र रंगवत होते. रंगात घालायला जवसाचं तेल मी महिनाभर उन्हात ठेवून घट्ट केलं होतं, त्यात टर्पेंटाइन मिसळलं होतं. पण चित्र काही पुरं होत नव्हतं. रोज मी काहीतरी बदलायचेच.

एका संध्याकाळी अप्पा शिफ्टवरून आले, चित्रातल्या आपल्या शर्टावर त्यांनी अंगठा घासून बघितला आणि म्हणाले, "पास आहे, पोरी. आता नको हात लावू."

"ओलं आहे ते! तुम्ही कशाला लावला हात?" मी केवढ्यांदा ओरडले. ते अंगठा पुसत आत गेले. मी लगेच रंग लावून ठसा बुजवला.

आता अप्पा नाहीत. कधी कधी मी चित्र भिंतीवरून उतरवते आणि खिडकीच्या तिरप्या उजेडात तो ठसा शोधते. सापडत नाही. घट्ट तेलाचा गुणच तो, वाळेपर्यंत रंग आपोआप सपाट होतो. इतकं छान मिश्रण मला पुन्हा कधी जमलं नाही.