भिंतीवरचा श्री

इतिहासात मी एकदाच भर घातली, तीही पेन्सिलीने.

कॅलिफोर्नियात, आमच्या क्युपर्टिनोहून आधी गाडीने आणि मग फेरीने गेलं की एका बेटावर जुनी इमिग्रेशनची इमारत लागते. बोटीने आलेल्यांना तिथे आठवडेच्या आठवडे कोंडून ठेवत आणि खरं-खोटं तपासायला विचारत, तुमच्या गावच्या घराला पायऱ्या किती. त्या लोकांनी फळ्यांच्या भिंतींवर आपलं दुःख लिहिलं. पुढे त्यावर रंगाचे थर चढले. आता ते थर काढून अक्षरं वर आणायचं काम चाललं होतं आणि मी शनिवारचा स्वयंसेवक होतो. मोकळ्या झालेल्या फळीवर चिकटपट्टी लावायची आणि पट्टीवर नंबर घालायचा, एवढंच माझं काम.

पहिल्याच शनिवारी नंबराआधी मी श्री काढला. तोही थेट फळीवर. शाळेत कोऱ्या वहीवर काढायचो तसा, हात आपोआप गेला. तेवढ्यात दुरुस्तीचं काम बघणाऱ्या बाई मागून आल्या आणि मी गुपचूप पुढच्या फळीकडे सरकलो.

तीन आठवड्यांनी त्यांना तो सापडला. ही तुमची लिपी ना, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. अर्थ विचारला, तोही खरा सांगितला. बाईंचे डोळे भरून आले. त्या खोलीत आपल्याकडच्या माणसाची खूण पहिल्यांदाच मिळत होती. त्यावर काच बसवायचं ठरलं.

घरी मी अर्धंच सांगितलं, की श्री सापडला. बायकोने माझ्या फोनमधला त्याचा फोटो इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. तासाभरात मंडळातल्या एका नागपूरकर काकांनी कळवलं की त्यांचे पणजोबा याच बेटावर अडकले होते आणि श्री असाच काढायचे, वेलांटीला शेपूट देऊन.

ते शेपूट माझं होतं. पेन्सिल घसरली होती.

ज्यांनी तिथे खरोखर दिवस काढले, त्यांच्या शेजारी माझा श्री काचेआड बसणार होता. आणि मी तर डब्यात थालीपीठ घेऊन जायचो आणि चारच्या फेरीने घरी परतायचो. काच यायच्या आदल्या दिवशी मी बाईंना सगळं सांगून टाकलं. त्यांनी आणखी कुठे काही लिहिलंय का, एवढंच विचारलं. मी म्हणालो, नंबर. त्यांनी माझ्या हातात खोडरबर दिलं. श्री पुसायला माझा हात धजेना. शेवटी त्यांनीच पुसला आणि मी तिकडे पाठ करून उभा राहिलो.

मग काकांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"कबुली द्यायची एवढी हौस होती, तर आधी मला विचारायचंस. मी ग्रुपवर टाकायला एक जुना फोटोसुद्धा शोधून ठेवला होता."

"पणजोबांचा?"

"मिशा आहेत त्याला," काका म्हणाले. "बाकीचं कोणी विचारलं असतं का?"