परक्या दोऱ्याची टीप

माझ्या नणंदबाईंच्या तोंडाला कुणी लागत नाही, आणि त्यांच्या शिलाईला कुणी नावं ठेवत नाही. पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांचं मशीन. बायका येतात, दोन शब्द ऐकून घेतात आणि कपडे टाकून जातात. एकच काम ताई करत नाहीत. कुणाची कंबर आत घेऊन देत नाहीत. "वजन उतरलंय, जरा आवळून द्या," असं कुणी म्हटलं की गळ्यातला टेप काढून ठेवतात आणि सरबत्ती सुरू. "का उतरलं? जेवता ना? तहान फार लागते का? डॉक्टरला दाखवलंत?" गिऱ्हाईक आल्या पावली परत.

"ताई, तुम्ही शिंपीण की डॉक्टरीण?" मी विचारायचे. त्या हसायच्या नाहीत.

याला कारण त्यांची धाकटी बहीण. ती गेली त्याला एकोणीस वर्षं झाली, पण या घरातून ती काही गेलेली नाही. शाळेत असतानाच तिला मधुमेह झाला, दिवसातून चार वेळा इन्सुलिन. इन्सुलिन घेतलं की मी फुगते, असं तिच्या डोक्यात बसलं आणि ती गुपचूप इंजेक्शनं चुकवायला लागली. इन्सुलिन नसलं की खाल्लेलं अंगी लागत नाही, साखर लघवीवाटे निघून जाते आणि शरीर स्वतःलाच खात सुटतं. हे घरच्यांना नंतर कळलं. तेव्हा दिसत होते ते फक्त ताईंच्या वहीतले आकडे. कंबर तीस. मग अठ्ठावीस. मग सव्वीस. मग चोवीस. दर वेळी ताईंनी तिचा निळा ड्रेस आत घेतला, ओठांत टाचण्या धरून कौतुकही केलं, "काय गं, बाहुली झालीस की!" शेवटच्या वेळी तिच्या तोंडाला वास येत होता, फळ पिकून लिबलिबीत झाल्यावर येतो तसा. ताईंना वाटलं, गोळी चघळते आहे. चौथ्या दिवशी धाकटी नुसती धापा टाकत होती, आणि पाचव्या दिवशी नव्हती.

"वीतभर अंतरावर होते मी. वास आला होता मला." एवढंच वाक्य ताई अधूनमधून बोलतात, मध्येच, कुणी काही विचारलेलं नसताना. टीप मारता मारता थांबतात आणि हवा हुंगतात. घरात फळ जरा जास्त पिकलं की उचलून बाहेर फेकतात. मी नवी होते तेव्हा या फेकाफेकीवरून भांडलेसुद्धा.

मग माझ्या मुलीला बाराव्या वर्षी तोच आजार निघाला.  दुसऱ्या दिवसापासून पावाच्या कोणत्या तुकड्यात किती कार्बोहायड्रेट आणि त्याला किती युनिटं, हे ताईंना माझ्याआधी पाठ. भातसुद्धा काट्यावर तोलायच्या. तरी पोरीची साखर घसरायचीच, मग घाम, थरथर, आणि आम्ही तिच्या तोंडात साखरेचं पाणी ओतायचो. पोरगी गोलमटोल झाली. तिच्या बाबांनी लाडाने नाव ठेवलं, गुबी. मीही तेच म्हणायचे. सगळे हसायचो, ती पण हसायची.

सतराव्या वर्षी गुबी बारीक व्हायला लागली. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून मी खूश. "किती छान दिसतेस," असं मी रोज म्हणत होते. सगळं माहीत असून म्हणत होते. आपलं मूल तसं करणार नाही, असं प्रत्येक आईला वाटतं, आणि मी काही जगावेगळी नाही.

तिचा आवडता हिरवा ड्रेस ढगळ व्हायला लागला. ताईंची उलटतपासणी कोण ऐकणार? मीच तिला बाजारातल्या शिंप्याकडे नेलं. एकदा नाही, दोनदा. "आत्याला सांगू नकोस, उगाच डोकं खाईल," हेही मीच शिकवलं.

एके दुपारी त्या ड्रेसची चेन तुटली आणि मी सवयीने तो ताईंच्या मशीनवर टाकून आले. भाजी चिरत होते. पुढच्या खोलीतला मशीनचा आवाज थांबला.

"अगं, इकडे ये."

ड्रेस उलटा करून त्यांनी मांडीवर पसरला होता. "ही टीप माझी नाही."

ताईंचा दोरा नेहमी कापडाच्या रंगाचा. आत त्यांच्या हिरव्या टिपेशेजारी पांढऱ्या दोऱ्याच्या दोन ओळी होत्या, एक तिच्या आत आणि दुसरी त्याहून आत.

"कुणी नेलं?"

"तुम्ही करून दिलं असतं का?" मी उसळून म्हणाले. चोराच्या उलट्या बोंबा.

ताई तशाच उठल्या, पोरीच्या खोलीत गेल्या. "पोट दुखतंय" म्हणून ती सकाळपासून पडून होती. ताई वाकल्या आणि त्यांनी आपलं नाक तिच्या तोंडाजवळ नेलं. परत सरळ झाल्या तेव्हा चेहरा पांढराफटक होता.

"गाडी बोलाव. आत्ता."

साखर तपासायच्या यंत्रावर आकडा आलाच नाही, नुसतं 'हाय' आलं, म्हणजे साखर यंत्राच्या मापाबाहेर.  ताईंनी पोरीला उचललं कसं, मला आजही कळत नाही.

तीन दिवसांनी दवाखान्यात पोरगी बोलायला लागली. पहिलं वाक्य, "मी परत गुबी होणार." तिचे बाबा खोलीबाहेर निघून गेले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

डॉक्टरीणबाई तिच्या पलंगावरच बसल्या. म्हणाल्या, "वजन थोडं भरणारच, शरीर वाळलं होतं तुझं. पण आधी डोस जास्त होता. त्याने साखर उतरायची, ती चढवायला तू खायचीस, आणि वजन वाढायचं. डोस बंद करायचा नसतो गं. तुझ्या खाण्याला तो बेतून घ्यायचा. मला सांगायचं होतंस."

"म्हणजे माप चुकलं होतं," ताई म्हणाल्या. "औषध नाही." मग भिंतीकडे तोंड करून त्या रडल्या. धाकटीला हे कुणी सांगितलं नव्हतं.

चार महिन्यांनी पोरगी हिरवा ड्रेस घेऊन मशीनपाशी आली. डोळे रडून सुजलेले होते. "आत्या, होत नाही मला. सैल करून दे."

ताईंनी ब्लेड घेतलं आणि दोन्ही पांढऱ्या ओळी उसवल्या. पोरीने ड्रेस घातला, पाव मोजून खाल्ला, त्याआधी इंजेक्शन घेतलं आणि कॉलेजला गेली.

ताईंनी ब्लेड खाली ठेवलं नाही. कपाटाच्या तळातून धाकटीचा निळा ड्रेस काढला. कमरेला आत टिपांच्या तीन जादा ओळी, निळ्याच दोऱ्याच्या, सरळ आणि सुबक. ताई एकेक टाका उसवायला लागल्या.

"ताई, आता कशाला?"

"घट्ट होत असेल गं तिला."

मी शेजारी बसले आणि दुसरी बाजू उसवायला घेतली.