धरणाकाठचा सोनटक्का

अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकलं असेल, त्याची माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच.

भोरजवळ धरणाच्या काठाला बाग झाली तेव्हा मी तिथं रोजंदारीवर होते. पाण्यालगतच्या वाफ्यात सोनटक्का होता, त्याची राखण माझ्याकडे. पांढरी फुलं आली की लोकांना राहवत नसे. फुलं तोडली तर मी काही म्हणत नव्हते. पण बायका काडीनं माती उकरून गड्डेच न्यायच्या. एकदा लावला की दर वर्षी आपला आपण फुटतो ना! पुण्याच्या बायका गाडीच्या डिकीत नेत, आमच्याकडच्या पदराखाली. "अवो, नका ना," एवढंच माझ्या तोंडून निघायचं.

"तुझ्या बापाची बाग हाय व्हय गं?"

संध्याकाळी मुकादम खड्डे बघत आणि त्याचे पैसे माझ्या मजुरीतून कापत. "नुसती बुजगावण्यावानी उभी राहतीस," म्हणत. बुजगावण्याला निदान पाखरं तरी भितात.

एकदा अशी वैतागून घरी आले, तर सासूबाई मोरीच्या पाण्यावर सोनटक्का लावत होत्या.

"आत्या, ह्यो कुठनं आनला?"

"धरणावरनं. तू झारी भराया गेली हुतीस तवा. लई हाय की तितं."

"अवो, त्याचे पैसे माझे कापले आज!"

"मग झालं तर. इकत घेतल्यावानीच हाय."

कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. दोन पावसाळ्यांत मोरीमागं असं रान माजलं की पानं सारून वाट काढावी लागे.

त्याच्या पुढच्या वर्षी धरण तुडुंब भरलं. वाफा बरेच दिवस पाण्याखाली राहिला, गड्डे कुजले. मुकादम पोतं घेऊन आमच्या दारात.

"मावशी, बागेला थोडे गड्डे द्या."

"आदी सुनंचं कापल्यालं पैसं द्या."

"पन हे बागेतलेच दिसत्यात!"

"बागंतलेच हायेत. इकत घेतल्यात. तुमीच न्हाई का पैसं कापलं?"

मी दाराआड उभी होते, मुकादमांनी माझ्याकडे पाहिलं. किती कापले ते मी कसंबसं सांगितलं. त्यांनी निम्मे दिले, बाकीचे पगाराला म्हणाले. सासूबाईंनी पोत्यात निम्मेच गड्डे टाकले आणि उरलेल्यांपुढे पाट टाकून बसल्या.

पगाराच्या दिवशी मुकादम पुन्हा आले. गड्डे मलाच उपटायला लावले, बागेत लावायलाही मीच गेले. पण पोतं उचलण्याआधी त्यांनी माझे राहिलेले सगळे पैसे हातावर ठेवले.