जेवता हात

गंगाखेडच्या एका दवाखान्यात मी भूल द्यायला जायचे. तिथल्या सर्जन सरांच्या हाताला गुण होता, जिभेला मात्र धार. मीही काही गरीब गाय नाही, पण थिएटरचं दार लागलं की माझ्याही तोंडाला कुलूप लागायचं.

त्या सकाळी टेबलावर शेळ्या राखणारे एक मामा होते. हर्नियाचं ऑपरेशन. कमरेखाली बधिर, वर टक्क जागे. आडवं झाल्यावर त्यांची गाठ आत गेली होती, त्यामुळे नुसतं बघून बाजू कळत नव्हती. कागदावर उजवी होती. सरांनी चाकू मागितला. अंगावर कुठं खूण नव्हती, म्हणून मी म्हणाले, "सर, एकदा बाजू विचारू या का?"

"मॅडम, तुम्ही भूल सांभाळा," सर खेकसले. मग पडद्यावरून मोठ्यानं, "मामा, गाठ कोणत्या हाताकडं?"

"जेवत्या हाताकडं, सायेब."

"झालं समाधान?" सर म्हणाले. सगळे हसले. माझे कान तापले.

जेवता हात म्हणजे उजवा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मान खाली घालून मी मामांच्या बोटाला लावलेला ऑक्सिजनचा चिमटा सारखा करायला गेले आणि थबकले. चिमटा डाव्या हाताला होता. मीच लावलेला, कारण उजव्या हाताला बोटंच नव्हती. कधीकाळी कडबाकुट्टीच्या यंत्रात गेली होती. हा माणूस जेवत असेल कुठल्या हातानं?

चाकू कातडीपाशी आला होता. पुन्हा बोलले आणि चुकले, तर या दवाखान्यात परत पाऊल ठेवायला नको.

"थांबा!" मी ओरडलेच. "मामा, तुम्ही जेवता कोणत्या हातानं?"

"ह्याच की, बाई." त्यांनी चिमट्यासकट डावा हात वर केला. "दुसऱ्याला बोटं कुठं हायत?"

सरांनी चाकू ट्रेमध्ये ठेवला. मग सिस्टर पुटपुटल्या, "सर, सकाळी तयारी करताना मामा हुबे होते. तवा मला गाठ डावीकडंच दिसली होती."

"मग बोलला का नाहीत?"

आवाज सवयीनं चढलाच. सिस्टर दचकून भिंतीला टेकल्या. सर त्यांच्याकडं बघत राहिले. मग, मी कधी ऐकला नव्हता इतक्या हळू आवाजात, त्यांनी विचारलं, "माझी एवढी भीती वाटते तुम्हाला?"

त्याचंही उत्तर द्यायला कुणी धजलं नाही.