कडेला झोपणाऱ्याचं माप

आमच्या गल्लीच्या टोकाला एक बाई रजया शिवते. सगळे तिला रजईवालीच म्हणतात. खरं नाव बहुधा तिच्या नवऱ्यालाच ठाऊक असेल. उंच, हाडकुळी आणि बोलायला फटकळ. दुकान म्हणजे एक खोली. अर्ध्या खोलीत कापूस, उरलेल्या अर्ध्यात ती. गिऱ्हाइकानं दारातच उभं राहायचं.

कुणी पलंगाची लांबी-रुंदी सांगू लागलं की ती विचारते, "ते ठीक आहे हो, पण झोपतं कोण?" लहानपणी भावंडांच्या रांगेत ती अगदी कडेला झोपायची. रजई मधल्यांना पुरायची, हिची पाठ उघडी. म्हणून आजही ती माप कडेपासून घेते.

थंडीच्या तोंडावर आजारानं आमच्या ह्यांचा डावा हात लुळा पडला. रजई घसरली तर ओढून घेता येईना, आणि मला उठवायला ह्यांना संकोच. सकाळी बघावं तर खांदा गार दगड. त्यातच छातीत कफ भरला, तसं मुलानं ठरवून टाकलं, बाबांना बाहेरच्या खोलीत वेगळा पलंग, वेगळी रजई.

"आई, तुलाही शांत झोप लागेल."

आता ह्यांच्या घोरण्याशिवाय मला झोपच लागत नाही, हे पोटच्या पोराला कोणत्या तोंडानं सांगायचं? लग्न झाल्यापासून आम्ही दोघं एकाच पांघरुणात भांडत आलो. मी म्हटलं, "आधी मोठी रजई करून बघू."

"अगं आई, आहे ती बरोब्बर पलंगाएवढी आहे. मीच मोजून आणली होती."

सून माझ्याकडे बघत होती. काय समजली देव जाणे, पायात चपला घालून गेली आणि रजईवालीलाच घेऊन आली.

रजईवालीनं आल्या आल्या फर्मान सोडलं, "आजी, आजोबा, झोपा बघू दोघं."

भर दुपारी, सुनेसमोर! मी भिंतीकडे तोंड करून आडवी झाले.

"रोज अशाच वळता का, आजी?"

"रोज," हे म्हणाले. "ती वळली की रजईवर जप्ती येते."

सून तोंड दाबून हसायला लागली. रजईवालीनं आमच्यावर चादर टाकली आणि खडूनं खुणा केल्या. "पलंग सपाट असतो, आजोबा. माणसाला जाडी असते. पलंगाएवढी रजई दोन माणसांवरून गेली की दोन्हीकडून वर उचलली जाणारच."

रजई आली ती चांगली ऐसपैस, दोन्हीकडून जमिनीला टेकणारी. पण सकाळी उठून बघते तर सगळी खाली! हे पुन्हा उघडे. मुलगा बाहेरच्या खोलीतला पलंग पुसायला लागला. मी सुनेला पुन्हा पिटाळलं.

रजईवालीनं रजईची कड हातात तोलली आणि कपाळावर हात मारला. "माझंच चुकलं, आजी. कडेपर्यंत कापूस भरला. वजनानं खेचली गेली." मग मुलाला म्हणाली, "दादा, आजचा दिवस तो पलंग राहू दे. आजोबांच्या खांद्याची जबाबदारी माझी." रजई खांद्यावर टाकून गेलीसुद्धा.

दिवेलागणीला परत आली. ह्यांच्या बाजूच्या कडेचा कापूस काढून तिथं नुसतं कापड ठेवलं होतं, गादीखाली खोचायला. माझ्या बाजूनं मात्र भरपूर ढील. "वळा आता किती वळायचं ते," म्हणाली, आणि कड कशी खोचायची ते सुनेला दोनदा करून दाखवलं.

सकाळी मुलगा आला आणि त्यानं हळूच रजईखाली हात घालून बापाचा खांदा चाचपला. हे डोळेही न उघडता म्हणाले, "हात गार आहे तुझा. काढ."

मुलगा हसला. बाहेरच्या खोलीत जाऊन त्या पलंगाच्या पट्ट्या सोडवू लागला. तो आवाज मी पडल्या पडल्या ऐकत होते, आणि इतका गोड आवाज मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

नंतर मी रजईवालीच्या दारात गेले. तोंडभर आशीर्वाद द्यायचा होता, पण डोळेच वाहायला लागले. सुई कापसात खोचून ती म्हणाली, "रडू नका हो आजी, कापूस ओला होतोय."