रेडिओतली खरखर

नव्वदनंतरची ती पहिली वर्षं मी दिघ्याला पत्र्याच्या खोलीत एकट्यानं काढली. बायको साताऱ्याकडं, गावी. खोलीत बोलणार कुणाशी, स्टोव्हशी? कारखान्यात तरी चार माणसांत बसून चहा प्यावा, दोन शिव्या द्याव्यात, दोन घ्याव्यात, एवढीच माझी हाव होती. आणि नेमकं त्याच्याच आड आलं ते माझं मशीन.

तोवर मी रॉडचं साधं वेल्डिंग करायचो. ग्रिल, गेट, असलं. मग मालकानं स्टेनलेसच्या पाइपांची ऑर्डर घेतली आणि टिग वेल्डिंगचं मशीन आणलं. त्याला आर्गन गॅस लागतो, म्हणून सगळे त्याला आर्गनच म्हणतात. मशीन आलं त्या दिवसापासून मलाही. "ए आर्गन!" माझं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं.

शिकवणारं कोणी नव्हतं. करंटचं बटण लगेच कळलं. पातळ पाइपाला जास्त दिला की भोक. दुसरं बटण शेवटी करंट हळूहळू उतरवायचं. झटक्यात तोडला की तिथं खड्डा पडून चीर जाते. तिसऱ्यानं मात्र छळलं. हातातल्या वेल्डिंग टॉर्चचा चाप सोडल्यावरही तापल्या वेल्डला हवा लागू नये म्हणून गॅस थोडा वेळ वाहत राहतो, तो याच बटणानं. रॉडच्या सवयीनं मी काम झालं की हात उचलायचो आणि वेल्ड काळाठिक्कर. मालक ओरडला, "अरे, निवेपर्यंत धर की तिथं! पळतोस कुठं?"

चौथं बटण एचएफचं, म्हणजे हाय फ्रिक्वेन्सीचं. ते चालू असलं की टॉर्चमधली टंगस्टनची सुई पाइपाला टेकवावी लागत नाही, ठिणगी आपली आपण उडी मारते. मला भारी गंमत वाटायची.

पण या गॅसला वारा सोसत नाही, तो उडून जातो आणि वेल्ड बिघडतो. माझं काम सुरू झालं की शेडमधले पंखे बंद, तेही मे महिन्यात! लोकांनी मला खाऊ की गिळू केलं. शेवटी मालकानं मागच्या कोपऱ्यात पत्रे ठोकून मला खोपटं करून दिलं, मशीनला विजेची वेगळी लाइन दिली. बाहेर पंखे फिरायला लागले आणि मी आत बसलो घामाघूम.

तरी कटकट संपली नाही. शेडमधल्या फिटरचा एक ट्रान्झिस्टर होता, त्यावर मॅच लागायची. मी ठिणगी पाडली की रेडिओत खर्रर्र! "ए आर्गन, मर की जरा तिकडं! चौका गेला का आउट झाला, काय कळंना!" चहाला सगळे रेडिओभोवती जमायचे. मी गेलो की तोंडं फिरायची. माझा कप पत्र्याच्या दाराशी ठेवून जायचे. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मग मीच डोकं चालवलं. एचएफ बंद करायचं, सुई बाजूला ठेवलेल्या तांब्याच्या पट्टीवर घासून आर्क पेटवायचा आणि अलगद सांध्यावर न्यायचा. सुया मोडल्या, ग्राइंडरवर पुन्हा पुन्हा टोक काढलं, पण हात बसला. एका गुरुवारी अख्खा दिवस तसंच काम केलं. रेडिओ एकदम साफ. म्हटलं, आज तरी हाक मारतील.

हाक सोडा, दाराशी चहासुद्धा आला नाही. मॅचच्या नादात विसरले असतील, असं समजून मी काम ओढत राहिलो. संध्याकाळी हेल्मेट वर केलं तर शेडमध्ये अंधार. शटर खाली, बाहेरून कुलूप. आणि आमच्या कारखान्यांच्या पट्ट्याला सुट्टी शुक्रवारची!

शटर बडवलं, घसा फुटेस्तोवर ओरडलो. गेटवरच्या वॉचमनचा रेडिओ इतका मोठ्यानं चाललेला, की त्याला काही ऐकू जाईना. माझी वाट बघणारं खोलीवर कोणी नव्हतं, मग शोधायला तरी कोण येणार? खरं सांगतो, रडू आलं.

तेवढ्यात त्या रेडिओनंच सुचवलं. धावत खोपट्यात गेलो, एचएफ चालू केलं आणि चाप दाबला. बाहेर गाण्याचा पार चुथडा झाला. सोडला, गाणं. दाबला, खर्रर्र. वॉचमननं आधी रेडिओलाच थपडा मारल्या. मग ही खरखर आतूनच येतेय हे त्याला कळलं असावं, किल्ल्यांचा आवाज आला. "अरे, कौन है अंदर?"

शनिवारी फिटरला जाब विचारला. तो खरोखरच ओशाळला. "तुझी खरखर न्हाई आली दिवसभर. म्हटलं, आर्गन आज आलाच न्हाई."

मी सरळ खोपट्यात गेलो, एचएफ चालू केलं आणि ठिणगी पाडली.

"ए आर्गन! थांब की मर्दा, शेवटची ओव्हर हाय!"

मी थांबलो. टॉर्च हातात धरून पत्र्याला कान लावला. ऊर भरून आला होता. ओव्हर संपली, बाहेर गलका झाला, आणि मग फिटरनं हाक दिली, "हां, मार आता!"